अभिकल्पापलीकडील पाणी : मुंबईच्या पर्जन्यजल-निचऱ्याचा एक विचार

१. प्रास्ताविक

नगराच्या पर्जन्यजलवाहिन्या आखताना अभियंता प्रारंभीच एक आकडा गृहीत धरतो. तासाला अमुक मिलिमीटर पाऊस पडेल व तेवढे पाणी वाहून नेण्यास वाहिनी समर्थ असली पाहिजे, असा तो आकडा असतो. तो एकदा निश्चित झाला म्हणजे वाहिनीचा व्यास, तिचा उतार व तिचा खर्च या सर्व गोष्टी गणिताने निघतात. परंतु त्या आकड्याहून अधिक पाऊस पडला तर काय व्हावयाचे, याचे उत्तर या गणितात नसते. ते पाणी कोठे तरी जातेच. कोठे जावे, हे मात्र कोणी ठरविलेले नसते. प्रस्तुत लेखात या अभिकल्पापलीकडील पाण्याचा विचार करावयाचा आहे.

अलीकडे नगररचनेच्या चर्चेत 'तग धरणारे नगर' ही कल्पना वारंवार येते. ही कल्पना सामर्थ्याच्या कल्पनेहून वेगळी आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एखादी रचना किती आघात सोसू शकेल, हा सामर्थ्याचा प्रश्न होय. सोसण्याच्या मर्यादेबाहेरचा आघात झालाच, तर ती रचना कशी मोडेल, मोडताना कोणाची हानी करील आणि किती काळात पूर्ववत् होईल, हा तग धरण्याचा प्रश्न होय. आपल्या अभियांत्रिकी शिक्षणात पहिल्या प्रश्नास मोठे स्थान आहे. दुसऱ्या प्रश्नास ते अद्याप मिळालेले नाही. या दोन प्रश्नांमधील अंतर स्पष्ट करण्यास मुंबईसारखे उदाहरण क्वचितच सापडेल.

२. पावसाच्या आकड्यांचा अर्थ

२६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझ येथील वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आकडा सर्वश्रुत आहे. त्यामागे दडलेल्या दोन गोष्टी मात्र तितक्याशा ध्यानात घेतल्या जात नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, ९४४ मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत समप्रमाणात पडला असता, तर त्याची तीव्रता तासाला ३९ मिलिमीटरच भरली असती. तासाला ५० मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या वाहिन्यांनी, समुद्राची आडकाठी नसेल तर, तेवढे पाणी निमूटपणे वाहून नेले असते. प्रत्यक्षात त्या दिवशी दुपारी अडीच ते साडेतीन या एकाच तासात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस कोसळला. नगराला बुडविणारी राशी दिवसाची नसून तासाची होती. पाणलोटाच्या अगदी दूरच्या टोकावर पडलेले पाणी वाहिनीच्या मुखाशी पोचण्यास जो वेळ लागतो, त्यास संकेंद्रणकाल म्हणता येईल. मुंबईतील बहुतेक नाल्यांचा पाणलोट लहान असल्याने हा काल अल्प असतो, आणि म्हणून अल्पकाळातील तीव्रता हीच तेथे निर्णायक ठरते. दैनिक पर्जन्यमानाच्या शंभर वर्षांच्या नोंदीवरून अशा नाल्यांचा अभिकल्प करणे म्हणजे मासिक सरासरी तपमानावरून रुग्णाच्या तापाची चिकित्सा करण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट स्थलभेदाची. त्याच चोवीस तासांत, सांताक्रूझपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील कुलाबा येथे ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एकाच नगराच्या दोन टोकांस अशी विलक्षण तफावत पडली. पुढे ५ ऑगस्ट २०२० रोजी नेमका उलटा प्रकार घडला. त्या वेळी कुलाब्यास चोवीस तासांत ३३० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून दक्षिण मुंबईचे, एरवी कोरडे राहणारे भाग पाण्याखाली गेले. यावरून एक-दोन पर्जन्यमापकांच्या आधारे सबंध नगराचा विचार करणे किती धोक्याचे आहे, हे दिसून येते. २००५ नंतर महानगरपालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली व त्यांची नोंद थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतराने होऊ लागली, ही या दृष्टीने मोठी उपलब्धी होय. तथापि अशा नोंदी अवघ्या दोन दशकांच्या आहेत, आणि आपण तर त्यांवरून शंभर वर्षांतील पावसाचे अनुमान करू पाहतो.

३. पुनरावर्तनकालाविषयीचा गैरसमज

अतिवृष्टीचा विचार पुनरावर्तनकालाच्या भाषेत करण्याची पद्धत आहे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस' हा शब्दप्रयोग मात्र सामान्य वाचकाचीच नव्हे, तर कित्येकदा अभ्यासकाचीही दिशाभूल करतो. असा पाऊस आज पडला म्हणजे आता शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो पडण्याची संभाव्यता एक शतांश आहे, एवढेच त्यातून सूचित होते. ५० वर्षे वापरावयाच्या इमारतीच्या आयुष्यात असा पाऊस निदान एकदा तरी पडण्याची संभाव्यता काढावयाची, तर तो पन्नासही वर्षे न पडण्याची संभाव्यता प्रथम काढावी लागते. ०.९९ चा पन्नासावा घात सुमारे ०.६०५ येतो; म्हणजे तो पडण्याची संभाव्यता जवळजवळ ४० टक्के झाली. पुनरावर्तनकाल २५ वर्षांचा असेल, तर हीच संभाव्यता ८७ टक्क्यांवर जाते. सारांश, ज्याला आपण 'अपवादात्मक' म्हणतो, तो प्रसंग इमारतीच्या आयुष्याच्या मानाने अपवादात्मक नसतो.

या गणितात आणखी एक गृहीत दडलेले आहे. गेल्या शतकातील पावसाचा स्वभाव पुढील शतकातही तोच राहील, हे ते गृहीत होय. हवेचे तपमान एक अंशाने वाढले असता तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हा भौतिकीचा सुपरिचित नियम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हा निष्कर्ष विस्तीर्ण प्रदेशाविषयीचा आहे; तो जसाच्या तसा एखाद्या नाल्यास लावता येणार नाही. परंतु जुन्या नोंदींवरून काढलेला पुनरावर्तनकाल हा स्थिर आकडा मानण्याचा आधार त्याने निश्चितच डळमळीत केला आहे.

४. अभिकल्पाचे दोन टप्पे

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस व ओहोटीची वेळ या गृहीतांवर आधारलेल्या होत्या. वाहगुणांक, म्हणजे पडलेल्या पावसापैकी जमिनीत न मुरता वाहिनीत येणारा अंश, ०.५ धरलेला होता. वाड्या, बागा व मोकळी मैदाने यांनी युक्त अशा तत्कालीन नगराच्या बाबतीत हे गृहीत अवास्तव नव्हते. पुढे जमीन फरशी, डांबर व काँक्रीट यांखाली गेली, आणि निम्मे पाणी मुरेल ही अपेक्षाच संपुष्टात आली.

१९८५ साली आलेल्या पुरानंतर या व्यवस्थेचा पद्धतशीर अभ्यास करण्यात आला. त्याचा अहवाल १९९३ साली सिद्ध झाला व तो 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जातो. या अहवालाने पर्जन्यतीव्रता तासाला ५० मिलिमीटर व वाहगुणांक १ धरावा, असे सुचविले. या दोन बदलांचा एकत्रित परिणाम पाहण्यासारखा आहे. एक चौरस किलोमीटर क्षेत्र घेतले, तर जुन्या गृहीतांनुसार वाहिनीत सेकंदाला सुमारे ३.५ घनमीटर पाणी येते. नव्या गृहीतांनुसार ते सुमारे १३.९ घनमीटर होते. म्हणजे ही वाढ दुप्पट नसून चौपट आहे. चौपट पाणी त्याच उतारावरून नेण्यास गोल वाहिनीचा व्यास सुमारे १.७ पट करावा लागतो. रस्त्याखाली पाण्याचे नळ, मलवाहिन्या, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा यांची दाटी झालेल्या नगरात एवढी जागा मिळविणे किती दुर्घट असते, हे वेगळे सांगावयास नको. २००५ चा प्रलय आला तेव्हा या अहवालास बारा वर्षे होऊन गेली होती, आणि त्यातील कामांचा फार मोठा भाग कागदावरच राहिला होता.

तथापि ही सर्व कामे वेळेवर पूर्ण झाली असती, तर २६ जुलैचे संकट टळले असते काय? तासाला १९० मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस किलोमीटरमागे सेकंदाला जवळजवळ ५३ घनमीटर पाणी. अभिकल्पातील १३.९ घनमीटर त्यातून वजा केले, तरी ३९ घनमीटर शिल्लक राहतात. संकटाची तीव्रता पुष्कळ कमी झाली असती, ते लवकर ओसरले असते. परंतु ते टळले नसते. वाहिन्या मोठ्या करणे आवश्यक आहेच. मात्र केवळ तेवढ्यावर विसंबणे पुरेसे नाही, हे या वजाबाकीवरून स्पष्ट व्हावे.

५. समुद्राची आडकाठी

वरील गणितात पाणी वाहिनीच्या मुखातून विनासायास बाहेर पडते, असे आपण मानले. मुंबईत तसे घडत नाही. सात बेटे सांधून हे नगर घडले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीचा बांध घातला गेला व बेटांमधील खाडीचे मुख बंद झाले. तेव्हा त्यामागील सखल भूमी वस्तीस मोकळी झाली. पण भरती अडविली म्हणून जमीन उंचावत नाही. नगराच्या कित्येक भागांची पातळी आजही मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे.

याचा परिणाम पातमुखांवर, म्हणजे वाहिन्या जेथे समुद्रास किंवा खाडीस मिळतात त्या ठिकाणांवर, दिसून येतो. मुंबईतील १८६ पातमुखांपैकी ४५ पातमुखे सरासरी समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. १३५ पातमुखे सरासरी सपाटीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्या वर असलेली पातमुखे अवघी ६ आहेत. भरतीच्या वेळी झडपा मिटल्या नाहीत तर समुद्राचे पाणी नगरात शिरते. मिटल्या तर नगराचे पाणी नगरातच तुंबते.

२६ जुलैच्या दुपारी पावसाचा जोर कमाल असताना, चारच्या सुमारास, सुमारे साडेचार मीटरची भरती होती. या योगास 'दुर्दैवी योगायोग' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा योगायोग कितपत विरळ आहे, हे साध्या गणिताने पडताळून पाहता येते. दोन भरतींमधील अंतर सुमारे १२.४ तासांचे असते. प्रत्येक भरतीच्या आगेमागे मिळून तीन तास पातमुख निरुपयोगी होते, असे धरू. पाऊस सुरू होण्याची वेळ व भरतीची वेळ यांचा परस्परांशी संबंध नाही, असेही मानू. सहा तास चालणाऱ्या पावसाचा काही ना काही भाग या बंद काळात सापडण्याची संभाव्यता मग सहा अधिक तीन भागिले १२.४, म्हणजे जवळजवळ ७३ टक्के येते. दीर्घकाळ चालणारी अतिवृष्टी व बंद पातमुख यांची गाठ पडणे हाच येथील नियम आहे. न पडणे हा अपवाद. चक्रीवादळाच्या वेळी तर वाऱ्याने समुद्राची पातळीही चढते. म्हणून 'ओहोटीची वेळ' हे जुन्या अभिकल्पातील गृहीत, २५ मिलिमीटरच्या आकड्याहूनही अधिक दुबळे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या अडचणीवर योजलेला उपाय उदंचनाचा आहे. २०११ ते २०१९ या काळात हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंद अशी सहा उदंचन केंद्रे कार्यान्वित झाली. त्यांतील पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उपसणारे आहेत. ही यंत्रे प्रचंड आहेत यात शंका नाही, आणि त्यांच्यामुळे तुंबलेले पाणी पूर्वीपेक्षा बरेच लवकर ओसरते. तरीही प्रमाण ध्यानात ठेवले पाहिजे. तासाला ५० मिलिमीटर पावसात असा एक पंप अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही थोडे कमी क्षेत्र सांभाळू शकतो. शिवाय पंपाकडे पाणी आणणाऱ्या वाहिन्या अरुंद अथवा गाळाने भरलेल्या असतील, तर पंपाची शक्ती वाया जाते.

६. साठवणुकीची जागा

पाणी बाहेर जाऊ शकत नाही त्या काळात ते कोठे तरी साठविले पाहिजे. त्यासाठी किती जागा लागेल? एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाला ५० मिलिमीटर या दराने तीन तास पाऊस पडला, तर १,५०,००० घनमीटर पाणी जमते. तीन मीटर खोलीच्या तलावात ते साठवावयाचे झाल्यास पाच हेक्टर, म्हणजे एकूण क्षेत्राच्या पाच टक्के, जागा हवी. हा आकडा मोठा आहे, पण अशक्य कोटीतील नाही. जुन्या मुंबईत अशा जागा होत्या.

धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ही स्थळनामे आजही रूढ आहेत. तलाव मात्र केव्हाच बुजविले गेले. हे तलाव पुरासाठी खोदलेले नव्हते, पिण्याच्या वा वापरण्याच्या पाण्यासाठी होते. परंतु पावसाचे पाणी सामावून घेणे हे काम ते न सांगता करीत होते. उपनगरांत हेच काम खाजणे, मिठागरे व तिवरांची झाडी करीत असे. भरतीचे पाणी तेथे पसरे व ओहोटीस परत जाई. नाल्यांचे पाणीही तेथे विसावा घेई. मिठी नदीची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांपासून निघून ही नदी सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीस मिळते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला वळणे घेत जावे लागते, तीरांवरील वस्तीने तिचे पात्र आवळले आहे, आणि मुखाजवळील दलदलीच्या विस्तीर्ण भूमीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आहे. २६ जुलैला नदीने आपली जुनी जागा परत घेतली, एवढेच वस्तुतः घडले.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यानंतर मिठीचे रुंदीकरण व खोलीकरण बरेच झाले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम व २०१८ साली अंतिम आदेश देऊन तिवरांची तोड निषिद्ध ठरविली. अलीकडे हिंदमाता परिसराचे पाणी सामावून घेण्यासाठी दादर येथील प्रमोद महाजन कला उद्यान व परळ येथील सेंट झेवियर्स मैदान यांच्या पोटात भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. भरतीच्या काळात पाणी टाकीत घ्यावयाचे व ओहोटीस समुद्रात सोडावयाचे, ही त्यामागील कल्पना आहे. बुजविलेल्या तलावाचे काम नगराने पुन्हा, पण कितीतरी अधिक खर्चाने, सुरू केले, असे याचे वर्णन करता येईल.

७. इमारतींचा प्रश्न

नगराच्या व्यवस्थेबरोबर एकेका इमारतीचाही विचार केला पाहिजे. पाण्याच्या धक्क्याने काँक्रीटच्या इमारती सहसा पडत नाहीत. त्या निकामी होतात. विजेचे मीटर व रोहित्र तळमजल्यावर असतात, उद्वाहनाची यंत्रे खड्ड्यात असतात, पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली असते. पुराचे घाण पाणी या टाकीत शिरले म्हणजे पूर ओसरल्यावर रोगराईचा आरंभ होतो. यास्तव इमारतीच्या सामर्थ्यापेक्षा तिच्यातील सेवांची मांडणी अधिक महत्त्वाची ठरते.

साखळीतील एकच दुवा दुर्बल असला तरी काय घडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्क येथील आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये 'सँडी' वादळाच्या रात्री तेथील लँगोन रुग्णालयातील तीनशेहून अधिक रुग्णांना अंधारात जिन्यांवरून खाली आणून अन्यत्र हलवावे लागले. तेथे आपत्कालीन वीजजनित्रे वरच्या मजल्यांवर सुरक्षित होती. त्यांना इंधन पुरविणारे पंप मात्र तळघरात होते. मुंबईतही २६ मे २०२५ रोजी, मोसमी पाऊस नेहमीपेक्षा कितीतरी आधी येऊन थडकला, त्या दिवशी आचार्य अत्रे चौक या भूमिगत मेट्रो स्थानकात पाणी शिरले. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडविण्यासाठी उभारलेली भिंत कोसळली होती. काम जूनपूर्वी आवरावयाचे, हे आपल्याकडील बांधकामाचे परंपरागत वेळापत्रक यापुढे कितपत विश्वसनीय मानावयाचे, असा प्रश्न या घटनेने उपस्थित केला आहे.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे जोते उंच करणे. नव्या इमारती तो उपाय योजतातच. परंतु त्यातून एक नवी अडचण उद्भवते. एका भूखंडावर भराव घालून जोते उंचावले म्हणजे तेथे पसरणारे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या भूखंडावर जाते. रस्त्यांचेही असेच आहे. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढविण्याच्या पद्धतीमुळे रस्त्याची पातळी दर काही वर्षांनी वाढत जाते, आणि जुन्या चाळींचा तळमजला, जो बांधला तेव्हा रस्त्याहून दोन पायऱ्या उंच होता, तो रस्त्याखाली जातो. ज्याला आपले जोते उंचावणे परवडते तो सुरक्षित होतो. ज्याला परवडत नाही त्याच्या घरात दोघांच्या वाट्याचे पाणी येते. व्यक्तिगत संरक्षणाची बेरीज केली असता सार्वजनिक संरक्षण हाती येत नाही, हा या प्रकरणातील महत्त्वाचा धडा होय.

८. अतिरिक्त पाण्याचा मार्ग

येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. वाहिन्या, पंप व टाक्या यांची कमाल क्षमता वापरून झाल्यावर जे पाणी उरेल, त्याने कोठे जावे? डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे या प्रश्नाचे उत्तर लेखी स्वरूपात देण्याचा प्रयत्न झाला आहे. २ जुलै २०११ रोजी तेथे दोनएक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला व नगराचे अतोनात नुकसान झाले. पुढील वर्षी सिद्ध झालेल्या योजनेत त्या नगराने दोन निरनिराळी मानके ठरविली. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसापर्यंत वाहिन्या भरून पाणी वर येता कामा नये, हे पहिले मानक. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसात, त्यासाठी मुद्दाम राखलेल्या जागा सोडून, अन्यत्र पाण्याची खोली १० सेंटिमीटरहून अधिक होऊ नये, हे दुसरे. दुसऱ्या मानकात पाणी साचणारच हे मान्य केलेले आहे. केवळ कोठे व किती साचावे, हे आधी ठरविलेले आहे. त्यासाठी काही रस्त्यांना मध्यभागी खोलगट आकार देऊन त्यांचे तात्पुरते कालवे करणे, उद्याने आजूबाजूच्या जमिनीहून खाली ठेवणे, असे उपाय योजण्यात आले.

कोपनहेगनचे आकडे मुंबईस लागू पडणार नाहीत. तेथील शंभर वर्षांतील पाऊस हा येथील एखाद्या पावसाळ्यातील पाऊस असू शकतो, आणि तेथील भरती-ओहोटी नगण्य आहे. घ्यावयाची आहे ती पद्धती. वाहिनीला जसा अभिकल्प असतो, तसा तिच्यापलीकडील पाण्यालाही असावा. अमुक रस्त्यावर कमाल किती खोलीचे पाणी चालेल, रुग्णालयाकडे जाणारा कोणता मार्ग कोरडा राहिलाच पाहिजे, कोणते मैदान पाण्यासाठी सोडावयाचे, हे नकाशावर लिहिले गेले पाहिजे. असे झाले तर छोट्या गोष्टींकडेही लक्ष जाईल. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतील एका नामवंत वैद्याचा मृत्यू झाला. त्यानंतर झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसविण्यास आरंभ झाला. रस्त्यावर पाणी साचेल व त्यातून माणसे चालत जातील, ही शक्यता अभिकल्पात धरलेली असती, तर ही जाळी मॅनहोल बांधतानाच त्यात बसविली गेली असती.

अतिरिक्त पाण्याचा मार्ग ठरविणे हे केवळ तांत्रिक काम नाही, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. एखादे मैदान वा रस्ता पाण्यास द्यावयाचा म्हणजे कोणाची तरी गैरसोय पत्करावयाची. हा निर्णय अप्रिय असल्यामुळे तो टाळला जातो. पण तो टाळला म्हणून पाणी थांबत नाही. मग तो निर्णय जमिनीचा उतार घेतो. उताराच्या तळाशी कोण राहते, याचे उत्तर मिठीच्या काठी व नाल्यांच्या कडेला मिळते. ज्या जागा अन्य कोणास नको होत्या, तेथेच दरिद्री वस्ती झाली, आणि नगराच्या अभिकल्पातील तूट दर पावसाळ्यात तीच वस्ती भरून काढते. २००५ च्या जुलैत एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. हा हिशेब कोणत्याही वाहिनीच्या अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

९. संशोधनाच्या दिशा

वरील विवेचनातून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हाती घेता येतील असे काही विषय निघतात. पहिला, भरतीची पातळी व अल्पकालीन पर्जन्यतीव्रता यांच्या संयुक्त संभाव्यतेचा. वर दिलेले गणित ढोबळ आहे. प्रत्यक्ष नोंदी घेऊन, प्रत्येक पातमुखाच्या पातळीनुसार ते नव्याने मांडावयास हवे. दुसरा, गल्लीनिहाय सूक्ष्म समपातळी-नकाशांचा. अर्ध्या मीटरच्या फरकाने पाण्याची दिशा बदलते, आणि सर्वसाधारण नकाशात तो फरक दिसत नाही. तिसरा, जोती व रस्ते यांच्या पातळ्यांच्या इतिहासाचा. एखाद्या जुन्या वस्तीत पन्नास-साठ वर्षांत रस्ता किती उंचावला, याची मोजणी टेप व पातळीयंत्र घेऊन दोन विद्यार्थ्यांना एका हंगामात करता येण्यासारखी आहे. चौथा, बुजविलेले तलाव, नाले व खाजणे यांचे जुन्या नकाशांवरून स्थाननिश्चितीकरण आणि आज पाणी तुंबणाऱ्या स्थळांशी त्यांची तुलना.

यांपैकी कोणत्याही विषयास अवजड यंत्रसामग्री लागत नाही. चिकाटी व फिरण्याची तयारी मात्र लागते. त्यांतून जे ज्ञान हाती येईल, ते अतिरिक्त पाण्याचा मार्ग ठरविण्यास प्रत्यक्ष उपयोगी पडेल. नगराला किती पाऊस सोसवेल, याचे उत्तर आपण आतापर्यंत वाहिनीच्या व्यासात शोधीत आलो. यापुढे ते वाहिनी भरल्यानंतरच्या पहिल्या तासात शोधावे लागेल.